एक एकर चाचणी, पंचेचाळीस एकरांची राखण

नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, येवल्याकडे घरचं कांदा-बी धरणाऱ्याला परागीकरण शिकवावं लागत नाही. उन्हाळ कांद्याचे निवडून ठेवलेले डोंगळे, म्हणजे बी धरायचे कांदे, लावायच्या आधी तो आजूबाजूच्या शिवारात एक चक्कर मारून येतो. कुणी लाल कांद्याचे किंवा पांढऱ्याचे डोंगळे लावलेत का, हे बघतो. कारण मधमाशीला सातबारा कळत नाही. बी भेसळीचं निघालं की पुढच्या वर्षी कांद्याचा रंग फिका पडतो, जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचे दांडे) वाढतात, चाळीत टिकवण संपते. प्रमाणित कांदा-बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर ठरवलेलं आहे, ते याचसाठी.

जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम पिकांच्या शेतचाचण्यांचे नियम याच हिशेबावर उभे आहेत, फक्त दिशा उलटी आहे. डोंगळ्यांच्या प्लॉटमध्ये बाहेरचा पराग आत यायला नको असतो, चाचणीच्या प्लॉटमधून आतला पराग बाहेर जायला नको असतो. पहिल्यात चूक झाली तर नुकसान ज्याचं त्याचं, म्हणून तो स्वतःहून जपतो. दुसऱ्यात चूक चाचणी घेणाऱ्याची आणि नुकसान शेजाऱ्याचं. नियम, समित्या, कुलपं, नोंदवह्या हा सगळा पसारा या एका कारणाने आला आहे. जीएम चांगलं की वाईट, या वादाचा निकाल हे नियम देत नाहीत. निकाल लागेपर्यंत ती गोष्ट कुंपणाच्या आत राहील, एवढंच ते बघतात.

चाचणी नेमकी कशाची असते

‘बीटी वांग्याची चाचणी’ असं आपण म्हणतो (बीटी म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं पीक), पण कागदावर चाचणी पिकाची नसते, एका ‘इव्हेंट’ची असते. प्रयोगशाळेत एकच जनुक शेकडो पेशींत घातलं जातं. प्रत्येक पेशीत ते गुणसूत्राच्या वेगळ्या जागी जाऊन बसतं. कुठे जोमाने काम करतं, कुठे निपचित पडतं, कुठे शेजारच्या जनुकाचं काम बिघडवतं. एकाच वेलीचे डोळे वेगवेगळ्या खुंटांवर भरले तर प्रत्येक वेल वेगळी चालते, हे द्राक्षवाल्यांना माहीत आहे. इथे फरक त्याहून खोलवर असतो, पण अंदाज येतो. अशा प्रत्येक ‘बसण्याला’ इव्हेंट म्हणतात आणि त्याला स्वतःचं नाव असतं. २००२ मध्ये आलेल्या पहिल्या बीटी कापसातला इव्हेंट मॉन ५३१, बोलगार्ड नावाच्या त्या कापसाच्या पुढच्या आवृत्तीतला, बोलगार्ड दोनमधला मॉन १५९८५, आणि महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्यातला ईई-१. परवानगी एका इव्हेंटला मिळते. तेच जनुक असलेला दुसरा इव्हेंट आणला तर फाईल नव्याने उघडते.

प्रयोगशाळा आणि बंदिस्त हरितगृह पार केल्यावर इव्हेंट निवडीची छोटी चाचणी होते. त्यात डझनभर इव्हेंटमधून एखाद-दुसरा उरतो. मग जैवसुरक्षा संशोधनाची पहिली पातळी, जिला बीआरएल-१ म्हणतात. २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या पातळीवर एका ठिकाणी जास्तीत जास्त १ एकर, आणि एका हंगामात सगळ्या ठिकाणांचं मिळून २० एकरांपेक्षा जास्त नाही. दुसरी पातळी बीआरएल-२. तिथे एका ठिकाणी २.५ एकरांपर्यंत, आणि ठिकाणं किती ते प्रकरणानुसार ठरतं. क्षेत्र मुद्दाम लहान ठेवलेलं आहे. काही निसटलंच तर माणसांनी हाताने वेचून काढता येईल, इतकंच.

या प्लॉटमध्ये उत्पादन मोजतात हे खरं, पण तो सगळ्यात सोपा भाग. पानात, देठात, फळात, परागात नवं प्रथिन किती तयार होतं, ते ३०, ६०, ९० दिवसांनी कमी होतं का. लेडी बर्ड भुंगेरे, क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक आणि मधमाश्या यांच्या संख्येत शेजारच्या साध्या प्लॉटपेक्षा फरक पडतो का. मातीतल्या जिवाणूंवर परिणाम होतो का. पराग किती मीटरवर सापडतो. बी जमिनीत किती दिवस जिवंत राहतं. झाड तणासारखं पसरतं का. तुलनेसाठी तोच वाण, फक्त ते जनुक नसलेला, शेजारी लावावाच लागतो. तो नसेल तर सगळे आकडे लटके, कारण दिसलेला फरक जनुकाचा की जमिनीचा, हे सांगता येत नाही. उंदरांवरच्या विषारीपणाच्या चाचण्या आणि ॲलर्जीचा अभ्यास प्रयोगशाळेत समांतर चालतो, शेतात नाही.

सही कुणाची लागते

मूळ कायदा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि त्याखालचे डिसेंबर १९८९ चे नियम. त्या नियमांत सहा समित्या आहेत. सहाही पाठ करण्याची गरज नाही. वाट लक्षात ठेवली की पुरे.

संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत किंवा कंपनीत आधी तिची स्वतःची जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा एक प्रतिनिधी बसतो. तिथून अर्ज त्याच विभागाच्या आरसीजीएम या जनुकीय बदलांचा आढावा घेणाऱ्या समितीकडे जातो. ती शास्त्रीय बाजू तपासते: जनुक कुठलं, बांधणी कशी, हरितगृहातले आकडे काय सांगतात. मग पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी, म्हणजे जेनेटिक इंजिनिअरिंग अप्रेझल कमिटी. तिच्या नावातला ‘ए’ २०१० पर्यंत ‘अप्रूव्हल’चा होता, म्हणजे मंजुरीचा; त्या वर्षी तो ‘अप्रेझल’चा झाला, म्हणजे मूल्यांकनाचा. एका शब्दाचा बदल, पण बीटी वांग्यावरून जे झालं त्याचा तो थेट परिणाम. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं.

दिल्लीची सही झाली तरी काम संपत नाही. २०११ पासून ज्या राज्यात प्लॉट घ्यायचा त्या राज्य सरकारचं ना-हरकत पत्रही लागतं. शेती हा राज्याचा विषय, आणि बिहारने मक्याच्या चाचणीवर हरकत घेतल्यानंतर ही अट आली. केंद्राची परवानगी हातात आणि राज्याचं पत्र नाही, म्हणून हंगाम चुकल्याची उदाहरणं बरीच आहेत. पेरणीची वेळ फाईलसाठी थांबत नाही.

उरली जिल्हा समिती. नियमांप्रमाणे जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. सोबत कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा कृषी अधिकारी, महापालिका आयुक्त वगैरे. ही रचना कारखान्यातून जिवाणू बाहेर पडण्याच्या भीतीने केलेली दिसते, शेतातून पराग बाहेर पडण्याच्या नाही. १९८९ मध्ये शेतचाचणी हा मुख्य विषय नव्हता, आणि ते या यादीत अजून दिसतं. प्लॉटवर प्रत्यक्ष येणारी माणसं बहुधा केंद्राच्या देखरेख पथकातली आणि त्या भागातल्या कृषी विद्यापीठातली असतात. नाशिकसाठी ते विद्यापीठ म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ.

अंतराचं गणित

सर्वोच्च न्यायालयाने मे २००७ मध्ये चाचण्यांसाठी तीन अटी घातल्या. प्लॉटभोवती २०० मीटर विलगीकरण अंतर. प्रत्येक चाचणीला जबाबदार शास्त्रज्ञाचं नाव आधी जाहीर. आणि हरितगृहातून बी बाहेर काढण्याआधी, तो विशिष्ट इव्हेंट ०.०१ टक्के इतक्या कमी प्रमाणात असला तरी ओळखता येईल अशी तपासणी पद्धत सादर केलेली हवी.

२०० मीटर ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून जमिनीवर मांडून बघू. एक एकराचा चौकोनी प्लॉट घेतला तर बाजू साधारण ६३ मीटर. चारही बाजूंना २०० मीटरची पट्टी आणि कोपऱ्यांची गोलाई धरली, तर एकूण क्षेत्र होतं सुमारे १८ हेक्टर, म्हणजे ४५ एकर. प्लॉट अडीच एकरांचा असेल तर ५३ एकर. अंतर ३०० मीटरवर नेलं तर एका एकरासाठी ९० एकर. उलट ५० मीटरवर आणलं तर जेमतेम ६ एकर. अंतर दीडपट झालं की क्षेत्र दुप्पट होतं, ही गोष्ट कागदावर सहज निसटते.

ही ४५ एकर जमीन पडीक ठेवायची नसते. तिथे फक्त तेच पीक किंवा त्याच्याशी संकर होऊ शकेल असं जवळचं पीक नको. मक्याची चाचणी असेल तर शेजारी सोयाबीन, कांदा, द्राक्ष काहीही चालतं. पण दिंडोरी किंवा येवल्यात सलग ४५ एकर म्हणजे दहा-पंधरा खातेदार, आणि त्यातल्या एकालाही त्या हंगामात मका लावायचा नाही हे आधी कळायला हवं. म्हणून चाचण्या बहुतेक विद्यापीठांच्या, संशोधन केंद्रांच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या फार्मवर होतात. शेतकऱ्याची जमीन भाड्याने घेतली, तर पहिली कटकट तिथल्या मातीची नसते, शेजाऱ्यांची असते.

मीटर मोजण्याआधी पीक ओळखावं. नाशिक जिल्ह्यातली पिकंच घेतली तर प्रत्येकाची पळवाट वेगळी निघते.

मका वाऱ्यावर फळतो. एका तुऱ्यातून लाखो परागकण सुटतात, पण ते जड असतात. बहुतेक काही दहा मीटरांत खाली बसतात आणि थोडे वाऱ्यासोबत दूर जातात. ‘थोडे’ हाच त्रासाचा भाग. अंतर मिळत नसेल तर वेळेचं विलगीकरण करतात, म्हणजे शेजारचा मका आणि चाचणीचा मका यांच्या तुऱ्यांत महिनाभराचा फरक ठेवायचा. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली की हा फरक आपोआप मिटतो, आणि खरिपात असं नेहमी होतं. तेव्हा तुरे उपटणं किंवा पिशव्या बांधणं एवढेच उपाय उरतात. एक दिलासा असा की मक्याला आपल्याकडे रानटी भाऊबंद नाहीत; धोका फक्त शेजारच्या मक्याचा.

वांग्याचं उलट. फुलं स्वतःच्या परागावर फळतात, पण किडे परका परागही आणतात, आणि बांधावर रानवांगी उभी असतात. त्यामुळे वांग्याच्या प्लॉटमध्ये आतल्या झाडांइतकंच लक्ष बाहेरच्या बांधावर लागतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या भातातही तसंच: भात स्वपरागी, पण खाचरात रानभात असेल तर त्याचे दाणे पिकण्याआधीच गळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात.

मालेगाव, नांदगावच्या कापसात निसर्गाची थोडी मदत आहे. बीटी कापूस अमेरिकन जातीचा, ५२ गुणसूत्रांचा. देशी कापूस २६ गुणसूत्रांचा. दोघांचा संकर सहजासहजी टिकत नाही. मात्र आज शिवारात देशी कापूस असतोच कुठे? आजूबाजूला सगळा अमेरिकनच. कापसाची खरी पळवाट सरकीची. वेचणी करणाऱ्याच्या झोळीत राहिलेली बोंडं, जिनिंगकडे गेलेला गठ्ठा, आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभं ठेवून घेतलेला पुढचा बहर. चाचणीच्या प्लॉटमध्ये फरदड ठेवणं म्हणजे ठरलेल्या तारखेनंतरही फुलं उघडी ठेवणं. परवानगीत त्याला जागा नसते.

द्राक्षात मीटर जवळपास निरुपयोगी. वेल बियांवर वाढवत नाहीत, काडीवर वाढवतात. उद्या द्राक्षाचा जीएम प्लॉट झाला, तर पराग मोजत बसण्यापेक्षा खरड छाटणी आणि गोडी छाटणीच्या दिवशी काड्या मोजाव्या लागतील. चांगला दिसणारा वेल बघून चार काड्या खिशात घालून नेणं आणि डॉगरीज या खुंटावर डोळे भरणं ही या जिल्ह्यात चोरी समजली जात नाही, आवड समजली जाते. नियमाच्या दृष्टीने मात्र ती गळती आहे.

पिशवीपासून राखेपर्यंत

परागाची चर्चा खूप होते. प्रत्यक्षात जास्त वेळा निसटतं ते बी, आणि ते माणसांच्या हातून. म्हणून कार्यपद्धतीचा मोठा भाग वाहतूक, साठवण, पेरणी, काढणी आणि नंतरची देखरेख यांवर खर्च झालेला आहे.

बी प्रवासात एका पिशवीत कधीच नसतं. आतली बंद पिशवी, तिच्यावर न फुटणारं दुसरं आवरण, दोन्हींवर इव्हेंटचं नाव, वजन, पाठवणारा आणि घेणारा यांची माहिती. पोचल्यावर वजन पुन्हा करायचं. साठवण वेगळ्या, कुलूपबंद जागी. इतर बियाण्यासोबत एका कपाटात नाही. कारण सर्वांत कंटाळवाणं, पण सर्वांत खरं: दाण्यावर काही लिहिलेलं नसतं. जीएम मका आणि साधा मका डोळ्यांना सारखेच.

हिशेब असा चालतो. एका एकरात ६० बाय २० सेंटिमीटरवर मका टोकला तर सुमारे ३३,७०० जागा होतात. हजार दाण्यांचं वजन २५० ग्रॅम धरलं तर साडेआठ किलोच्या आत बी लागतं. समजा ९ किलो आलं. ८ किलो ४०० ग्रॅम टोकलं, नांगे (न उगवलेल्या जागा) भरायला २०० ग्रॅम गेलं, ४०० ग्रॅम उरलं. उरलेलं परत पाठवलं की नष्ट केलं, कुणासमोर, कुठल्या तारखेला, हे सगळं नोंदवहीत यायला हवं आणि बेरीज ९ किलोच यायला हवी. बेरीज चुकते ती बहुधा नांग्यांमध्ये. मजूर मूठभर बी ओच्यात घेऊन ओळीने फिरतात, संध्याकाळी उरलेले दहा-वीस दाणे ओच्यातच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच शेतात नांगे भरायला वापरले जातात. यात कुणाचा डाव नसतो. म्हणून नांगे भरायला दाणे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे.

प्लॉटचा नकाशा जीपीएस बिंदूंसह काढायचा. कडेला साध्या वाणाच्या सीमा-ओळी लावायच्या. त्या पराग अडवतात, पण परागाने माखतातही, म्हणून शेवटी त्यांनाही जीएम समजूनच नष्ट करायचं. सीमा-ओळींची कणसं ‘ही तर साधीच’ म्हणून घरी नेणं ही नेहमीची चूक. टोकण यंत्र, नांगर, ट्रॅक्टरचे टायर प्लॉटमध्येच झाडून-धुऊन मग बाहेर काढायचे.

कुंपणाचं काम फक्त माणसं अडवणं नाही. आपल्याकडे मेंढ्यांचे वाडे फिरतात, आणि काढणी झालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणं हा रिवाज आहे. चाचणीच्या प्लॉटच्या धसकटात मेंढ्या सोडल्या तर चारा पोटात आणि दाणे विष्ठेबरोबर पुढच्या गावात. सिन्नरकडे मुरघास करणारे दूधवाले उभा हिरवा मका विकत मागतात. तेही नाही म्हणजे नाही. चाचणीच्या प्लॉटमधलं काहीही खाल्लं जात नाही, विकलं जात नाही, गुरांना घातलं जात नाही. अभ्यासाचे नमुने आणि, परवानगीत लिहिलं असेल तरच, पुढच्या पातळीसाठी ठेवायचं बी वगळता बाकी सगळं जागेवर जाळायचं किंवा खोल पुरायचं. कापसाच्या पऱ्हाट्याही. शेतकऱ्याला हे जीवावर येतं आणि ते स्वाभाविक आहे. भरलेलं कणीस जाळणं कुणालाच सहज जमत नाही. म्हणूनच करारात पिकाची किंमत आधी मोजून द्यावी लागते. ती दिली नाही तर कुंपण कितीही उंच असो, रात्री कणसं जातात.

गळती झाली तर कळतं कधी?

बहुतेक वेळा उशिरा. अमेरिकेत एलएल ६०१ या तणनाशक सहन करणाऱ्या भाताच्या शेतचाचण्या १९९८ ते २००१ दरम्यान झाल्या. पीक बाजारात आणलंच नाही. २००६ मध्ये तोच इव्हेंट व्यापारी तांदळात सापडला. जपानने अमेरिकी लांब दाण्याचा तांदूळ थांबवला, युरोपने प्रत्येक जहाजाची तपासणी सुरू केली, आणि २०११ मध्ये बायर कंपनीने शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. तो तांदळात शिरला कसा, हे सरकारी चौकशीला शेवटपर्यंत ठामपणे सांगता आलं नाही. २०१३ मध्ये ओरेगॉनमधल्या एका शेतात ग्लायफोसेट हे तणनाशक मारूनही न मरणारा जीएम गहू सापडला. त्या राज्यातल्या तशा गव्हाच्या चाचण्या कधीच्या संपल्या होत्या.

नाशिकला हे लांबचं वाटू नये. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि माल अडकला. अंश होते, विषबाधा नव्हती. तरी बाजार बंद. ग्रेपनेट या निर्यातीच्या संगणकीय यंत्रणेवर प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, पेटीवरून बागेपर्यंत माग हे सगळं निर्यातवाल्यांच्या अंगवळणी पडलं आहे ते उगाच नाही. जीएम चाचणीची नोंदवही त्याच जातीची, फक्त इथे माग औषधाचा नाही, बियाचा.

आणि ०.०१ टक्के म्हणजे किती? दहा हजार दाण्यांत एक. मक्याचे दहा हजार दाणे अडीच-तीन किलो भरतात. पण फक्त तेवढेच तपासले तर तो एक दाणा नमुन्यात येईलच असं नाही. तो असेल तर ९५ टक्के खात्रीने सापडावा यासाठी सुमारे ३० हजार दाणे दळून तपासावे लागतात, म्हणजे एका नमुन्याला साडेसात-आठ किलो मका. वाटीभर दाणे पाठवून ‘रिपोर्ट स्वच्छ आला’ म्हणणाऱ्याला त्यातून फारसं काही कळलेलं नसतं.

चाचणीला न दिसणारं

इथे नियमांची बाजू घेणाऱ्यांनीही प्रामाणिक राहायला हवं. तीन हंगाम आणि अडीच एकर यांतून सगळं दिसत नाही. बीटी कापसाच्या चाचण्यांत बोंडअळी मरत होती, आणि ते आकडे खरे होते. अळीच्या लाखोंच्या संख्येत विषाला दाद न देणारी एखादी असते. ती दोन-चार एकरांत दिसत नाही. लाखो हेक्टरांवर, दरवर्षी, आठ-आठ महिने उभ्या राहणाऱ्या संकरित कापसात ती निवडली जाते. पहिल्या बोलगार्डला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचं गुजरातमधून २०१० मध्ये जाहीर झालं. दुसऱ्या बोलगार्डचं २०१७ पर्यंत विदर्भ-मराठवाड्याने पाहिलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाचं पाकीट आश्रय-पीक म्हणून यायचं, कडेला पाच ओळी लावण्यासाठी, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही शिल्लक राहाव्यात म्हणून. ते बहुतेकांनी लावलं नाही. हा दोष चाचणीचा नाही, नंतरच्या देखरेखीचा. पण चाचणी पास झाली म्हणजे प्रश्न संपला, हा समज चाचणीनेच पसरवला.

दुसरा गोंधळ अनधिकृत बियांचा. तणनाशक सहन करणारा कापूस, ज्याला गावात एचटीबीटी म्हणतात, तो कुठल्याही परवानगीशिवाय विकला जातो. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात तो जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. मंजुरीला वर्षानुवर्षं लागतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. डीएमएच-११ या जीएम मोहरीची फाईल २०२२ ची मंजुरी आणि जुलै २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचा परस्परविरोधी निकाल यांत अडकली. पण बिनापरवाना पेरणीतून आकडे मिळत नाहीत. शेजारी साधा वाण नसतो, पाकिटात कुठला इव्हेंट आहे तेही माहीत नसतं. शिक्षेत बदल झाला आहे: पूर्वी पर्यावरण कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता, जनविश्वास कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२४ पासून, १० हजार ते १५ लाख रुपये दंड.

जनुक-संपादन हा वेगळा रस्ता आहे. त्यात पिकाच्या स्वतःच्या जनुकात नेमका काप देऊन छोटा बदल करतात, आणि शेवटच्या रोपात बाहेरचा डीएनए उरत नाही. अशा पिकांना ३० मार्च २०२२ च्या आदेशाने १९८९ च्या नियमांपैकी ७ ते ११ क्रमांकांच्या नियमांतून सूट मिळाली. कमला आणि पुसा डीएसटी राईस १ हे भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये याच वाटेने जाहीर झाले. सूट मिळेपर्यंत, म्हणजे बाहेरचा डीएनए उरला नाही हे सिद्ध होईपर्यंत, रोप बंदिस्तच ठेवावं लागतं. उद्या कुणी ‘हे जीएम नाही, संपादित आहे’ असं सांगत रोपं घेऊन आलं, तर सूट मिळाल्याचा कागद मागावा.

जमीन मागायला कुणी आलं तर

जीईएसीच्या बैठकांची इतिवृत्तं तिच्या संकेतस्थळावर असतात. इव्हेंटचं नाव विचारून घ्या आणि तिथे शोधा. परवानगीच्या पत्रात तुमचं गाव, हंगाम आणि क्षेत्र लिहिलेलं असायला हवं. ‘नाशिक विभाग’ एवढ्यावर भागत नाही. राज्याचं ना-हरकत पत्र वेगळं बघा. प्रभारी शास्त्रज्ञाचं नाव आणि त्याच्याकडे थेट पोचणारा फोन करारात घ्या, गावातल्या एजंटचा नको. भाडं एका हंगामाचं ठरवू नका. काढणीनंतरही त्या तुकड्यात तेच पीक घेता येत नाही, आणि ही बंदी किती हंगामांची ते पिकाप्रमाणे बदलतं. तो काळ भाड्यात धरलेला नसेल तर तुमचा एक हंगाम फुकट गेला. शेजाऱ्यांना सांगितलंय का, हे कंपनीला विचारा, आणि मग शेजाऱ्यांनाही विचारा. विलगीकरणाच्या पट्ट्यात कुणी तेच पीक लावलं, तर फुलोऱ्याआधी चाचणीचं पीक काढायचं की शेजाऱ्याचं पीक भरपाई देऊन काढायचं, हे लेखी हवं. नाहीतर भांडण बांधावर होतं आणि ते तुमच्याशी होतं.

काढणी होऊन सगळं जाळल्यावर प्लॉट मोकळा दिसतो, पण चाचणी तेव्हा संपत नाही. जमिनीत पडलेले दाणे मृगाच्या पावसाची वाट बघत असतात. पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर, आठवड्या-पंधरवड्याने, प्लॉट आणि त्याच्या कडेची पट्टी ओळीने चालायची, आपोआप उगवलेली रोपं फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायची, मोजायची आणि जागेवरच नष्ट करायची. ही फेरी नेमकी तेव्हा येते जेव्हा चाचणीचा अहवाल लिहून झालेला असतो, पैसे संपलेले असतात आणि सगळ्यांचे मजूर पेरणीत गुंतलेले असतात. त्यामुळे हीच फेरी सर्वांत जास्त वेळा चुकते. एकही रोप सापडलं नाही तरी तारीख टाकून वहीत शून्य लिहायचं. रिकामी ओळ दिसली की तपासणीला आलेला माणूस कुणी फिरकलंच नाही असं धरतो, आणि बहुधा त्याचं बरोबर असतं.